जुन्या संगणकावर लिनक्स: आधी पेनड्राइव्हवरून पारखा, मगच टाका

लिनक्स कशी असते हे बघायला फॉरमॅट मारावा लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, एक मोकळी दुपार आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढं असलं की अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते. हार्ड डिस्कवरची विंडोज, फोटो, हिशेबाच्या फायली जिथल्या तिथे राहतात. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू केला की सगळं पूर्ववत. याला लाइव्ह सेशन म्हणतात. या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग त्यावरच आहे, कारण इन्स्टॉल करून पस्तावणारे बहुतेक लोक ही पायरी गाळून थेट पुढे गेलेले असतात.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या पिढीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाद ठरले, आणि कोअर टू ड्युओच्या जमान्यातले असेंबल्ड डेस्कटॉप तर विंडोज १० वरच रांगत होते. लिनक्स अशा यंत्रांवर चालते, फुकट मिळते आणि तिचा सोर्स कोड खुला असतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला कर्नल हा तिचा गाभा. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, सेटिंग्ज जोडून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकडो आहेत. नवशिक्याने पाचांच्या पलीकडे बघू नये.

आधी यंत्र ओळखा

दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रोसेसरचं नाव आणि रॅम किती. विंडोजमध्ये 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की दोन्ही दिसतात.

तिथेच 'सिस्टिम टाइप'समोर ३२-बिट लिहिलेलं असलं तर लगेच हिरमुसू नका. ते विंडोजबद्दल आहे, प्रोसेसरबद्दल नाही. २ जीबी रॅमच्या यंत्रांवर दुकानदार सर्रास ३२-बिट विंडोज टाकून देत, आत प्रोसेसर मात्र ६४-बिटचा असे. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे कोअर आय३, आय५, आय७ सगळे ६४-बिट. नुसता 'कोअर ड्युओ' (मध्ये 'टू' नाही) आणि छोट्या नेटबुकमधला ॲटम एन२७० हे खरे ३२-बिट. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. अंदाज चुकला तरी बिघडत काही नाही: ३२-बिट यंत्राला ६४-बिटचा पेनड्राइव्ह लावला तर काळ्या पडद्यावर 'हा प्रोसेसर चालणार नाही' अशा अर्थाची एक ओळ येते आणि गाडी तिथेच थांबते.

रॅम वाढवता येईल का, तेही आताच बघून घ्या. जी३१ चिपसेटचे जुने बोर्ड ४ जीबीच्या पुढे जात नाहीत. लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गल्लत होते. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत बसतात, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एलच घ्यावी, नाहीतर यंत्र चालूच होत नाही आणि दोष उगाच मदरबोर्डावर जातो.

पाचांतली एक निवडा

रॅम ४ जीबी किंवा जास्त आणि प्रोसेसर ६४-बिट असेल तर लिनक्स मिंट घ्या, तिची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मिंट सिनॅमन डेस्कटॉपसहही मिळते आणि ती दिसायला देखणी आहे, पण जुन्या ग्राफिक्सवर एक्सएफसीई हलकी पडते. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ अशी मांडणी असल्याने विंडोज ७ वापरलेल्या माणसाला तिथे चुकल्यासारखं होत नाही. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

२ ते ३ जीबी असेल तर एमएक्स लिनक्स किंवा लुबुंटू. आमचा कल एमएक्सकडे. तिच्यासोबत येणाऱ्या 'एमएक्स टूल्स'मध्ये बारीकसारीक दुरुस्त्यांची हत्यारं एकाच खिडकीत मिळतात. लुबुंटूही चांगली आहे, पण २०१८ नंतर ती ३२-बिटमध्ये येत नाही.

१ जीबी रॅम किंवा खरंच ३२-बिट प्रोसेसर असेल तर अँटिक्स. चालू झाल्यावर ती २०० ते ३०० एमबीच्या आसपास रॅम घेते. दिसायला रुक्ष आहे, पण काम करते. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला आणि फायरफॉक्सनेही १४५ पासून ३२-बिट लिनक्स सोडली. त्यामुळे अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याची सवय लावू नका. टायपिंग, गाणी, मुलांचे खेळ, जुने फोटो यासाठी ते ठीक.

पाचवी पपी. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेली ही डिस्ट्रो पूर्ण रॅममध्ये जाऊन बसते आणि पेनड्राइव्हवर कायमची राहू शकते. ज्याची हार्ड डिस्कच मेली आहे त्या यंत्रासाठी ही उत्तम. रोजच्या वापराला मात्र तिची रीत जरा निराळी पडते.

एक स्पष्ट सांगायला हवं. डिस्ट्रो हलकी घेतली म्हणून वेब हलकं होत नाही. मिंट एक्सएफसीई रिकामी असताना साधारण ८०० एमबी ते १ जीबी रॅम घेते आणि अँटिक्स त्याच्या पाव. पण ब्राउझरमध्ये जीमेल, यूट्यूब आणि एखादं वृत्तपत्र असे तीन टॅब उघडले की दोन्हीकडे दीड-दोन जीबी वर लागतेच. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळी दोन-तीन टॅब ही मर्यादा कुठलीही डिस्ट्रो घालवू शकत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणे

डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी डिस्ट्रो एकाच फाइलीत) उतरवा. मिंट एक्सएफसीईची फाइल ३ जीबीच्या जवळपास असते, म्हणजे मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये बसत नाही. ब्रॉडबँडवर किंवा ओळखीच्या वायफायवर उतरवा. मधेच तुटलेली फाइल पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि पुढे इन्स्टॉल ८० टक्क्यांवर अडकते. म्हणून फाइल तपासायचीच. विंडोजमध्ये सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर आयएसओवर राइट क्लिक करा, 'सीआरसी शा' या मेनूत 'शा-२५६' निवडा. अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ येते. संकेतस्थळावर दिलेल्या माळेशी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तर फाइल उतरताना खराब झालेली नाही असं समजायला हरकत नाही.

आता रुफस नावाचा छोटा प्रोग्राम घ्या. विंडोज ७ वर बसला असाल तर त्याची ३.२२ ही आवृत्ती शोधा, नंतरच्या चालत नाहीत. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नका.

१. पेनड्राइव्ह लावा. रुफसच्या पहिल्या चौकटीत त्याचंच नाव आणि आकार दिसतोय ना, हे दोनदा बघा. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा.

२. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ निवडा.

३. 'पार्टिशन स्कीम'मध्ये एमबीआर (डिस्कचे तुकडे पाडण्याची जुनी पद्धत) ठेवा. मग 'टार्गेट सिस्टिम'मध्ये बायोस आणि यूईएफआय (संगणकाला उठवणारी जुनी आणि नवी व्यवस्था) दोन्ही दिसतात. जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांवर चालण्याची शक्यता यातच जास्त.

४. 'स्टार्ट' दाबा. सिसलिनक्स किंवा ग्रबच्या आणखी एक-दोन फायली उतरवू का, असं विचारलं तर हो म्हणा. मग आयएसओ मोड की डीडी मोड हा प्रश्न येतो. आधी आयएसओ. पेनड्राइव्ह पुढे चालूच झाला नाही तर हीच कृती डीडी मोडने पुन्हा करायची.

यूएसबी २.० वर याला सात ते पंधरा मिनिटं लागतात. हिरवी पट्टी शेवटी बराच वेळ थबकलेली दिसते. घाई करून उपटू नका.

पेनड्राइव्हबद्दल थोडं. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे '१२८ जीबी'चे काही पेनड्राइव्ह आतून ८ किंवा १६ जीबीचेच असतात. लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना कचरा देतात. रुफसमधल्या 'चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स' या खुणेने असा बनावट माल पकडता येतो, वेळ मात्र बराच खातो.

संगणकाला पेनड्राइव्हवरून उठवणे

नवखे सर्वांत जास्त अडकतात ते इथे. संगणक बंद करा, पेनड्राइव्ह लावा, पॉवरचं बटण दाबा आणि लगेच बूट मेनूची कळ सेकंदाला दोनदा टिचक्या मारल्यासारखी दाबत राहा. दाबून धरायची नाही. कंपनीचं चिन्ह येऊन गेलं आणि विंडोजचं आलं, तर उशीर झाला. पुन्हा पहिल्यापासून.

डेल आणि लेनोवोला एफ१२. एचपीला एस्केप, मग एफ९. आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२, पण ती कळ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते: एफ२ दाबून आत जा आणि 'एफ१२ बूट मेनू' एनेबल करा. असेंबल्ड डेस्कटॉपवर बोर्ड बघा: गिगाबाइटला एफ१२, आसुसला एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ११, इंटेलच्या बोर्डाला एफ१०. लेनोवोच्या काही लॅपटॉपना बाजूला टाचणीने दाबायचं नोवो नावाचं बारीक बटण असतं, ते बंद अवस्थेत दाबलं की मेनू येतो. विंडोज ८ किंवा १० यूईएफआय पद्धतीने चालत असेल तर कळांची कसरत टाळता येते: शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा साधा आणि एकदा 'यूईएफआय' शब्द जोडून, तर सध्याची विंडोज ज्या पद्धतीने चालते तोच पर्याय घ्या. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर लेगसी लिहिलं असेल तर साधा घ्या. ही जोडी चुकली तर पुढे इन्स्टॉलरला शेजारची विंडोज दिसत नाही किंवा दोन्ही एका मेनूत येत नाहीत.

पेनड्राइव्ह मेनूत आलाच नाही तर पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांच्या वायरी ढिल्या असतात, मागचे वापरा. २०१०-१२ च्या काही यंत्रांत निळ्या यूएसबी ३ पोर्टवरून बूट होत नाही, काळ्यावरून होतं. अँटिक्स किंवा पपी असेल तर बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच उठू देणारं कुलूप) बंद करावं लागतं. मिंट आणि उबुंटूच्या घरातल्या डिस्ट्रो ते चालू असतानाही उठतात. पण थांबा: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती की लिहून घ्या, मगच बायोसमध्ये जा.

मिंटचा मेनू आला, पहिला पर्याय निवडला आणि पडदा काळाच राहिला, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा. पुन्हा सुरू करून 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हे नेहमीचं आहे.

लाइव्ह सेशनमध्ये काय तपासायचं

डेस्कटॉप आला. त्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' अशी चकती दिसेल. तिला आज हात लावायचा नाही.

वेगावरून लगेच मत बनवू नका. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला अर्धा-पाऊण मिनिट लागेल, कारण सगळं पेनड्राइव्हच्या चिंचोळ्या वाटेने येतं. तो बंद करून पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी तो रॅममधून येतो, आणि इन्स्टॉल केल्यावरचा अंदाज त्यावरून घ्यायचा.

वायफायपासून सुरुवात करा. उजव्या कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारल्यावर आजूबाजूची नावं दिसली तर अर्धी लढाई जिंकली. नावंच नाहीत, तर आत ब्रॉडकॉमचं कार्ड असण्याची शक्यता मोठी. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, अर्ध्या मिनिटात इंटरनेट येतं. मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा आणि सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाका.

इंटरनेट आलं, तरी प्रत्येक संकेतस्थळ 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी घड्याळ बघा. तारीख २००९ ची दिसतेय का? मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. त्याचं नाव सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख मागे असली की ब्राउझरला आजची सुरक्षा प्रमाणपत्रं 'अजून लागू न झालेली' वाटतात, अपडेटही याच कारणाने नकार देतात, आणि लोक मात्र लिनक्सला नाहीतर राउटरला शिव्या घालत बसतात. डेस्कटॉपवर बदलणं सोपं: वायर काढा, कडेची पत्र्याची पकड बाजूला सारा, नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. सेल बदलल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. त्यात 'साटा मोड' (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई झाला तर विंडोज ७ निळा पडदा दाखवते. तो पूर्वीसारखा केला की ठीक.

पुढे एकेक करून बघा. यूट्यूबवर ७२० चा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावा. अडखळत असेल तर ४८० करा. यूट्यूब हल्ली व्हीपी९ आणि एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ पाठवतं, ते उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्समध्ये एच२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाकलं की चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांवर बराच फरक पडतो. आवाज, माइक, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा बघा. लॅपटॉपचं झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा: पडदा परत आला का? नाही आला तर त्या यंत्रावर झाकण मिटण्याऐवजी बंद करायची सवय लावावी लागेल. हे आताच कळलेलं बरं.

प्रिंटर घरात असेल तर आताच जोडा. भारतात घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी२९०० कंपनीच्या कॅप्ट या स्वतंत्र पद्धतीने बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलतं करणं हे नवशिक्याचं काम नाही. एचपीचे १०२०, पी१००७, पी१००८ चालतात, पण त्यांना दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) लागतं. 'एचपीलिप' सोबतचा प्लगइन एकदा उतरवला की ते मिटतं. नवे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात.

शेवटची तपासणी हार्ड डिस्कची. मेनूतून 'डिस्क्स' उघडा, डावीकडे आपली डिस्क निवडा, उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून 'स्मार्ट डेटा' बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळींत शून्य असायला हवं. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. तिच्यावर काहीही इन्स्टॉल करू नका, आधी डेटा बाहेर काढा. तसंही, थोडे पैसे खर्चायचे की नाही अशा विचारात असाल तर डिस्ट्रो बदलत बसण्यापेक्षा २.५ इंची साटा एसएसडी घ्या. २४०-२५६ जीबीची पुरे. दहा-बारा वर्षं जुन्या यंत्राला तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, अगदी रॅमनेही नाही. अपवाद २ जीबीवाल्यांचा: तिथे आधी रॅम.

लाइव्ह सेशनमध्ये केलेलं काहीही बंद केल्यावर उरत नाही, वायफायचा पासवर्डसुद्धा नाही. तरी तीन-चार दिवस रोज तासभर असंच वापरा. यंत्र अधूनमधून गोठत असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवा. दुकानातही पहिल्यांदा हेच करतात.

विंडोज कुणी सोडू नये

टॅली विंडोजवरच चालते. श्री-लिपी, आयएसएम आणि कोरलड्रॉवर पोट असलेल्या डीटीपी व फ्लेक्सवाल्यांनी कामाच्या यंत्रावर प्रयोग करू नये. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावून ई-टेंडर भरणाऱ्यांनीही नाही, कारण डोंगलची सॉफ्टवेअरं लिनक्सवर मिळाली तरी पोर्टलशी जुळतीलच याची खात्री नसते. वाइन नावाच्या थरातून काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण ज्यावर धंदा उभा आहे तो प्रोग्राम वाइनच्या भरवशावर ठेवू नये. अशांनी दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

टाकायची वेळ

डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर. यावर वाद नाही. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल किंवा डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. पार्टिशन हलत असताना वीज गेली तर दोन्ही सिस्टिमी जातात.

विंडोज शेजारी ठेवायची असेल तर त्यातली कामं आधी. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून तिचे ड्राइव्ह फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. मग 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी ड्राइव्ह किमान ४० जीबीने आखडा. मिंटला २० जीबीत बसता येतं, पण वर्षभरात घुसमट होते. तयार झालेली जागा काळ्या पट्टीची, 'अनअलोकेटेड' अशीच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका.

विंडोज ७ सोबत आलेल्या ब्रँडेड लॅपटॉपांवर इथे एक जुना खड्डा आहे. एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर फक्त चार प्रायमरी पार्टिशन करता येतात, आणि कारखान्यातूनच चारही भरलेली असत: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या टूल्सचं. सी आखडून जागा मोकळी होते, पण इन्स्टॉलर तिला 'अनयूजेबल' म्हणतो. टूल्सचं छोटं पार्टिशन उडवून चौथी जागा मोकळी करणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. सी किंवा सिस्टिमला मात्र हात लावू नका.

आता पेनड्राइव्हवरून उठून ती 'इन्स्टॉल'ची चकती उघडा. भाषा, कीबोर्ड (इंग्लिश यूएस ठेवा), 'मल्टिमीडिया कोडेक्स'ला खूण. पुढच्या पानावर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे शेजारी, 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून, 'समथिंग एल्स' म्हणजे स्वतः ठरवून. दुसऱ्या पर्यायाने डी ड्राइव्हसुद्धा जातो. सी आणि डी हे एकाच डिस्कचे तुकडे असतात हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. 'अलाँगसाइड' दिसतच नसेल तर बहुधा बायोस आणि यूईएफआयची जोडी चुकली आहे. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड बहुधा 'रेड' किंवा 'आरएसटी'वर असतो. नवी, रिकामी डिस्क असेल तर सरळ एएचसीआय करा. तिच्यावर विंडोज असेल तर मोड बदलताच ती उठणार नाही, म्हणून तो उद्योग जाणकारासोबत करा.

डिस्क एन्क्रिप्ट करायची खूण जुन्या यंत्रावर देऊ नका. कोअर टू ड्युओ आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये एईएस या एन्क्रिप्शनची वेगळी सोय नसते, त्यामुळे प्रत्येक फाइल उघडताना प्रोसेसर घाम गाळतो. नकाशावर कोलकाता निवडा, भारतीय वेळेसाठी तेच नाव आहे. पासवर्ड कागदावर लिहा. सॉफ्टवेअर टाकताना तो दर वेळी लागतो आणि काही डिस्ट्रोंच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइप करताना ठिपकेही दिसत नाहीत, पण अक्षरं जात असतात.

एसएसडीवर पंधरा मिनिटं, जुन्या हार्ड डिस्कवर पाऊण तास.

पहिल्या दिवशी

कोपऱ्यातली ढाल म्हणजे अपडेट मॅनेजर. पहिला हप्ता शेकडो एमबीचा असतो. त्याआधी 'टाइमशिफ्ट' उघडून एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे अपडेटने काही मोडलं तर मागे जाता येतं. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतो, तुमची कागदपत्रं नाही.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक समजते, आणि आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सच्या 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं. तिच्या मदतपानावर 'सेट-लोकल-आरटीसी' हा पर्याय शोधा.

मराठी वाचायला काही करावं लागत नाही. लिहिण्यासाठी 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून आयबस आणि आयबस-एम१७एन टाका, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून परत या. आयबसच्या प्रेफरन्समध्ये मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय मिळतात. सरकारी परीक्षेसाठी टायपिंग शिकलेल्यांनी इनस्क्रिप्ट घ्यावं. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी आयट्रान्स, फक्त त्यात 'ळ' आणि 'ॲ' कुठल्या कळांवर आहेत ते आधी हाताला बसवा. विंडोजवर 'मंगल' फाँटमध्ये केलेली पत्रं लिब्रऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये उघडतात, पण तो फाँट इथे नसल्याने दुसरा लागतो आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमधल्या फायली तर निव्वळ अगम्य चिन्हं दाखवतील. फाइल बिघडलेली नाही, फाँट नाही. ती टीटीएफ फाइल विंडोजमधून आणून डबल क्लिकने इन्स्टॉल केली की मजकूर वाचता येतो.

पेनड्राइव्ह लगेच पुसू नका, विंडोज उठत नसलेल्या एखाद्या यंत्रातून फायली बाहेर काढायला तोच उपयोगी पडतो. पुढे कधी साध्या वापराला घ्यायचा झाला आणि विंडोजला त्यावर काही एमबींचंच पार्टिशन दिसलं, तर तो खराब झालेला नसतो. रुफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.